मिन्काची करंगळी

बॉयलरच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर मधोमध एक काळी चौकोनी चिप असते. तिला शंभर पाय, प्रत्येक बाजूला पंचवीस, आणि दोन पायांमधली फट एवढीशी की केस घालायचा तर तोही अंग चोरून जाईल. चिप बिघडली की ती काढायची, नवी बसवायची आणि ते शंभर पाय हाताने सोल्डर करायचे. मिन्का त्रिफोनोवा हे काम चार फेऱ्यांत उरकायची. सोल्डरचा थेंब गरम टोकावर घेऊन तो एका बाजूने सरकवत न्यायचा, की पंचवीस पाय झाले. तिने दुरुस्त केलेल्या बोर्डावर 'एम-सात' असा जांभळा शिक्का असायचा, आणि तपासणीच्या खोलीतल्या बायका तो शिक्का दिसला की बोर्ड एकदाच मशीनला लावून पुढे ढकलायच्या. बाकीच्यांचे दोनदा लावायच्या. नियमात हे बसत नव्हतं, पण त्याचा पश्चात्ताप करायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

म्हणून पाच मार्चला एम-सातचा बोर्ड नापास होऊन तिच्या टेबलावर परत आला, तेव्हा मिन्काला वाटलं, कुणीतरी चुकून दुसऱ्याचा ठेवलाय. तिने तो मायक्रोस्कोपखाली घेतला. सांधे चकचकीत, बाक बरोबर, कुठे जास्त नाही, कुठे कमी नाही. शिक्का तिचाच. तिने बोर्ड पालथा केला, पुन्हा सुलटा केला. तिला त्यात काही म्हणता काही दिसेना. दुसऱ्या दिवशी असे दोन आले आणि त्याच्या पुढच्या दिवशी चार.

मिन्का एकसष्ट वर्षांची. हात सोल्डरला लागला तो विसाव्या वर्षी, स्तारा रेका गावचा कारखाना सरकारी होता आणि शाळांसाठी संगणक बनवायचा तेव्हा. नऊ वर्षांनी सरकारच पडलं, कारखाना बंद झाला, आणि या बाईने पुढची दहा-अकरा वर्षं बुटांचे वरचे भाग शिवले, बाजारात भाजलेल्या मिरच्यांच्या बरण्या विकल्या. नवा मालक आला, दारं पुन्हा उघडली, तेव्हा रांगेत पहिली हीच उभी होती. तिला जुन्या फोरमनने एकच मंत्र दिला होता: करंगळी टेकव. हात हवेत ठेवून कुणी सोल्डर करत नाही. करंगळी बोर्डाच्या कडेला टेकवायची, मग बाकीची चार बोटं तिच्या भरवशावर चालतात. गेल्या बावीस वर्षांत कामाला लागलेल्या प्रत्येक पोरीला मिन्काने हे सांगितलं होतं, आणि न ऐकणारीच्या करंगळीवर चिमट्याची उलटी बाजू मारलीही होती.

आता हे मार्चमध्ये झालं, तर मार्चचं थोडं सांगितलं पाहिजे. आमच्याकडे एक मार्चला सगळे एकमेकांच्या मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधतात. मार्ताआजी म्हणजे हा महिनाच, आणि तिचा स्वभाव असा की सकाळी हसली तर ऊन आणि दुपारी रुसली तर बर्फ. तिची मर्जी राखायला हा दोरा. बांधताना मनात काहीतरी मागायचं, कुणाला सांगायचं नाही, आणि पहिला करकोचा दिसेपर्यंत किंवा पहिलं झाड फुलेपर्यंत तो काढायचा नाही. मग तो त्या झाडालाच बांधून टाकायचा. त्याआधी तोडला तर मागितलेलं गेलं. मंत्र्यांपासून म्हशीवाल्यापर्यंत सगळ्यांच्या मनगटांवर हा दोरा असतो, आणि यावर माझा विश्वास नाही म्हणणाऱ्यांच्याही असतो. त्यांचा जरा बाहीच्या आत असतो, एवढंच.

दरवर्षी कारखान्यातल्या बायका बाजारातले दोरे आणायच्या, गुळगुळीत, चमकदार, मशीनचे. या वर्षी मिन्काला हौस आली. नणंदेने डोंगरातल्या गावाहून मेंढीच्या लोकरीचं एक पोतं पाठवलं होतं. मिन्काने आईची चाती माळ्यावरून काढली, हिवाळाभर सूत काढलं, मंजिष्ठेची मुळं उकळून अर्धं लाल रंगवलं आणि पंधरा दोरे वळले. चौदा बायकांचे चौदा, आणि पंधरावा लचेझारचा.

लचेझार म्हणजे लाइनचा इंजिनिअर, वय चौतीस. त्याची आई राइना मिन्काच्या शाळेतली, त्यामुळे ती त्याला लचोच म्हणायची. अंगठी, घड्याळ, बांगडी, लोकर यांपैकी काहीही हातात घालून लाइनवर यायचं नाही हा नियम त्यानेच छापून दारावर लावला होता. मिन्काने दोरा पुढे केला तेव्हा त्याने त्या कागदाकडे बोट दाखवलं.

"मिन्कामावशी, वाचता येतं ना तुम्हाला?"

"येतं. भिंगातून. हात पुढे कर, इंजिनिअर म्हणून नको, राइनाचा मुलगा म्हणून कर."

त्याने इकडे तिकडे बघितलं आणि हात पुढे केला. "दारातून आत जाण्याआधी काढणार आहे मी," तो म्हणाला. "आणि तुम्हीही सगळ्याजणी काढा." सगळ्याजणी हो म्हणाल्या आणि दोरे कोपराकडे सरकवून कोटाच्या आत गेल्या.

दारात मनगटाचा पट्टा तपासायचं एक छोटं यंत्र आहे. अंगातली वीज बोर्डात जाऊ नये म्हणून पट्ट्याला तार असते. पट्टा कातडीला नीट चिकटला असेल तर हिरवा दिवा, नाहीतर लाल. त्या सोमवारी राष्ट्रीय सणाची सुट्टी होती, आणि मंगळवारी सकाळी लाल दिव्यांची रांग लागली. लाइनवर पेस्टचं मशीन चालवणारी स्वेतला, शेहेचाळीस वर्षांची आणि तोंडाची फटकळ, तिने मनगटाला थुंकी लावली, पट्टा आवळला आणि हिरवा दिवा मिळवला. मागच्या सगळ्यांनीही तेच केलं. थंडीने कातडी कोरडी पडलीये, असं ठरलं.

त्याच मंगळवारपासून थडगी वाढली. थडगं म्हणजे काय, तर या बोर्डावर तिळाएवढे भाग शेकड्यांनी असतात. आधी स्वेतलाचं मशीन पत्र्याच्या जाळीतून करड्या पेस्टचे ठिपके उठवतं, पुढचं मशीन त्यावर हे तीळ ठेवतं आणि मग बोर्ड भट्टीत जातो. एका टोकाखाली पेस्ट कमी पडली की दुसरं टोक त्याला ओढून घेतं, आणि तीळ आडवा बसायच्या ऐवजी उभा राहतो, थडग्यावरच्या दगडासारखा. असे उभे राहिलेले मिन्काच्या टेबलावर येतात आणि ती ते एकेक करून आडवे करते.

"ताई, आज किती पुरले?" स्वेतलाने जेवणाच्या सुट्टीत विचारलं.

"अठ्ठावीस."

"अगं, मग पाद्र्याला बोलाव! एकटीने किती मर्तिकं उरकशील?"

एरवी दिवसाला चार-पाच असायची. लचेझार कामाला लागला. पहिल्या दिवशी त्याने पेस्टचा डबा बदलला आणि थडगी एकतीस झाली. दुसऱ्या दिवशी भट्टीचा ताप हळूहळू चढेल असा केला, तर चौतीस झाली. मग तीळ उचलणाऱ्या मशीनच्या चोची धुतल्या. शेवटी त्याने ठरवलं की जाळीची भोकं बुजत असणार. तो स्वतः दर तासाला येऊन, झाकण उघडून, स्पिरिटच्या कागदाने जाळी पुसायला लागला. सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे चाललं होतं आणि आकडा मात्र चढतच होता. त्याने भिंतीवर आलेख लावला होता, तो बघून पोराचं डोकं चालेनासं झालं. बिघाड दुरुस्तीने कमी होतो हे त्याने पाच वर्षं शिकून पक्कं केलं होतं, आणि इथे जितकं पुसावं तितका तो वाढत होता.

आठ मार्चला बायकांचा दिवस. पुरुषांनी प्रत्येकीला कार्नेशनचं एकेक फूल दिलं, कुणीतरी चीज घातलेली बानित्सा आणली, आणि गरम बानित्सा खाताना स्वेतलाला साक्षात्कार झाला.

"मशीनला दोरा कुणी बांधला? कुणीच नाही! चौदा जणींना मिळाला, साहेबालासुद्धा मिळाला आणि ज्याच्या जिवावर सगळं चालतं ते बिचारं नागडं. रुसलंय ते."

सगळ्या हसल्या. मिन्काही हसली, पण तिच्या पिशवीत उरलेल्या लोकरीचा एक गोंडा होताच. चांगला मुठीएवढा, अर्धा लाल, अर्धा पांढरा. तिने तो पेस्टच्या मशीनच्या झाकणाच्या मुठीला बांधला. लचेझारने बघितलं, पण आलेख बघून बघून तो इतका खचला होता की त्याने हात झटकला आणि म्हणाला, "राहू दे. निदान यानेतरी होऊ दे."

सोमवारी थडगी झाली एकसष्ट.

"दोन गोंडे बांधायला हवे होते," स्वेतला म्हणाली. पण या वेळी कुणी हसलं नाही.

आणि त्याच सोमवारी एम-सातचे नऊ बोर्ड परत आले. थडग्यांचा दोष मशीनवर ढकलता येत होता, पण हे नऊ तर मिन्काने स्वतःच्या हाताने केलेले. तिने एकेक पाय मोजून बघितला. मग तिने न बघायची ती गोष्ट बघितली. मायक्रोस्कोपखाली तिचा स्वतःचा हात आला आणि तो थरथरत होता. चिमट्याची दोन टोकं भिंगात डुगडुगत होती. तिने हात ओढून मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हाताने दाबून धरला.

मिन्काच्या वडिलांचे हात साठीत थरथरायला लागले होते. ते घड्याळं दुरुस्त करायचे. आधी त्यांनी बायकांची छोटी घड्याळं घेणं बंद केलं, मग पुरुषांची, मग फक्त भिंतीवरची घेत राहिले आणि शेवटी दह्याचं सूप पिताना चमचा ओठांपर्यंत यायच्या आत निम्मा रिकामा व्हायचा. मिन्का तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती. तिने त्यांना भरवलं होतं. एक मार्चला स्वतःच्या मनगटाला दोरा बांधताना तिने काय मागितलं असेल हे आता वेगळं सांगायला नको. पेन्शनपर्यंत हात टिकू देत, एवढंच. फक्त दोन वर्षं तर उरली होती.

घरी तिने कॉफीचा कप हवेत धरून बघितला. मग सुईत दोरा ओवून बघितला, तो तिसऱ्यांदा गेला. मग दोन्ही हात समोर पसरून ती ओट्यापाशी उभी राहिली.

"काय करतेयस?" तनासने विचारलं. हा तिचा नवरा, रिटायर्ड ड्रायव्हर, कोंबड्या पाळतो.

"बघ जरा. कापतायत?"

तनासने चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. "थोडेसे," तो म्हणाला. मग तिचा चेहरा बघून घाईघाईने म्हणाला, "नाही कापत. मी चष्मा वाचायचा लावलाय."

"खरं काय ते सांग, तनास."

"मला कसं कळणार, मिन्का? माझे कापतायत का ते बघ आधी." त्याने हात पसरले. ते कापत होते. पण तनास रोज संध्याकाळी द्राक्षाची रकिया पितो, त्यामुळे त्याचा पुरावा कुणी धरत नाही.

ती घाबरली होती. वेतनासाठी नव्हे, त्याचं कसंतरी भागलं असतं. या दोन हातांच्या पलीकडे आपण कोण आहोत हे तिला माहीत नव्हतं. कधी विचारच करावा लागला नव्हता. मनगटावरचा दोरा ती चार-चारदा चाचपायची, आहे ना जागेवर, आणि त्याला पुन्हा पुन्हा तेच मागायची.

गुरुवारी लचेझारने तिला आपल्या खोलीत बोलावलं आणि दार लावलं. तो तिच्याकडे न बघता टेबलावरच्या पेन्सिली सरळ करत होता.

"मिन्कामावशी, बसा. ग्राहकाचा माणूस पुढच्या आठवड्यात येतोय. परत आलेल्या बोर्डांचे नंबर त्यांच्याकडे आहेत. एम-सातचे एकेचाळीस झालेत."

"माहीत आहे मला."

"तर मी असं ठरवलंय की... म्हणजे वरून असं आलंय, की सोमवारपासून तुम्ही पॅकिंगला बसायचं. काम हलकं आहे. बसूनच आहे."

"मायक्रोस्कोपवर कोण?"

"शेजारच्या लाइनचा मुलगा येईल."

"करंगळी टेकवतो का तो?"

लचेझारच्या हातातून एक पेन्सिल घरंगळली. "मावशी, मला खरंच काही कळत नाहीये," तो म्हणाला. "थडगी का वाढतायत कळत नाही, तुमचे बोर्ड का परत येतायत कळत नाही. पण मला काहीतरी करून दाखवायला हवंय."

मिन्का उठली. तिला त्याचा राग यायला हवा होता, पण आली ती दया. आणि भीती तर आधीपासून होतीच.

शुक्रवारी ती रोजच्यापेक्षा लवकर आली. शेवटचा दिवस तर शेवटचा. तिने टेबल पुसलं, भिंग पुसलं आणि पहिलं थडगं चिमट्यात धरलं. आणि तिला वाटलं, मी आयुष्यभर हे मेल्यावरच बघत आले. भट्टीतून निघालेलं, चिकटलेलं, काळवंडलेलं. भट्टीत जाण्याआधी हा बोर्ड कसा दिसतो ते मी एकदाही बघितलं नाही. बघायची गरजच काय, ते तिचं काम नव्हतं. जायचंच आहे तर एकदा बघून जाऊ या, एवढाच विचार, त्यात काही शहाणपण नव्हतं.

ती स्वेतलाकडे गेली. "एक बोर्ड दे. भट्टीत न गेलेला."

"कच्चा?"

"कच्चाच."

"काय, भाजून नको देऊ? वर दही?" पण मिन्काचा चेहरा बघून स्वेतलाने बोर्ड ट्रेमध्ये ठेवून दिला. पॅकिंगचं सगळ्यांना कळलं होतं.

मिन्काने तो न हलवता भिंगाखाली ठेवला. करड्या पेस्टचे ठिपके ओळीने, कडा अशा की चीजची वडी सुरीने कापावी. तिला ते बघून बरं वाटलं. एक ओळ, दुसरी ओळ, तिसरी. आणि चौथ्या ओळीत एक ठिपका अर्धाच होता. अर्धी वडी कुणीतरी खाल्लेली, आणि उरलेल्या अर्ध्यात एक केस आडवा पडलेला.

मांजराचा असेल, तिला वाटलं. पण कारखान्यात मांजर कुठून? तिने भिंग मोठं केलं. केस लाल होता.

तिने चिमट्याने त्याचं टोक धरलं आणि ओढलं. तो आला, पण सरळ नाही, वेटोळं घेत आला. बाजारातला दोरा असा वळत नाही, आणि त्याचा लाल चघळायच्या गोळीसारखा भडक असतो. हा विटेकडे झुकणारा लाल होता. हा रंग तिने स्वतः जानेवारीत मोठ्या पातेल्यात उकळला होता, आणि तनासने पातेलं खराब केलं म्हणून दोन दिवस कुरकुर केली होती.

मग तिने परत आलेल्या एकेचाळिसांतला वरचा बोर्ड घेतला. काळी चिप, शंभर पाय, चकचकीत सांधे. सोळाव्या आणि सतराव्या पायाच्या मुळाशी एक काळा कण होता. तो तिने आधीही बघितला होता. सोल्डर लावताना जो चिकट रस जळतो त्याचा डाग, असं समजून सोडला होता. तसे डाग असतातच. आता तिने चिमट्याचं टोक लावलं तर तो कण कुरकुरला आणि तुटला. जळलेल्या लोकरीचा तो वास तिला आला की आल्यासारखा वाटला, कोण जाणे. दोन पायांच्या मधोमध जळका केस अडकला तर वीज नको तिकडे जाणारच. तिने कण खरवडून काढला, बोर्ड धुतला आणि तपासणीच्या खोलीत नेऊन स्वतः मशीनला लावला. हिरवा दिवा लागला.

तिने बाही वर केली. दोन आठवडे कोटाच्या रबराखाली घासून घासून दोऱ्यावर धुकं धरल्यासारखी लव उठली होती. बाहीच्या काठावर पांढरे तंतू चिकटले होते. पट्ट्याखाली लव शिरून लागलेले दारातले लाल दिवे, स्वेतलाचं मशीन, मुठीएवढा गोंडा, एकसष्ट थडगी, सगळं एकदम तिच्या अंगावर आलं. आणि लचोने दर तासाला झाकण उघडून पुसलेली जाळी! उघडताना गोंडा हलायचा आणि पिंजून जाळीवर तंतू सोडायचा.

खरं सांगायचं तर तिच्या मनात पाप आलं. गोंडा गुपचूप काढून टाकावा, स्वतःचा दोरा काढून टाकावा, आकडा आपोआप खाली येईल आणि कुणाला काही कळणार नाही. पण तेरा मनगटं अजून उरत होती. आणि सांगितलं तर सगळ्या कारखान्याचा घोळ हिनेच हिवाळाभर चातीवर कातला हे जगजाहीर होणार. पॅकिंगसुद्धा देतील की नाही! तिला कळेना की आपण सुटलो की अडकलो.

मग तिने तो लाल केस कच्च्या बोर्डावर, भिंगाखाली ठेवला आणि लचेझारला बोलावलं.

"हे बघ," ती म्हणाली. "त्या केसाचं टोक दिसतं का?"

लचेझारने डोळे भिंगाला लावले. "कुठे? हा?" तो चिमट्याने टोक धरायला गेला. पण चिमटा केसाच्या डाव्या बाजूला गेला, मग उजव्या. शेजारी छोट्या पडद्यावर तेच चित्र दिसत होतं, आणि मिन्का ते बघत होती. चौतीस वर्षांच्या निरोगी पोराचा हात तिथे असा थरथरत होता की जणू भूकंप होतोय.

"करंगळी टेकव, बाळा," ती म्हणाली.

त्याने टेकवली. पडद्यावरचा भूकंप थांबला. चिमट्याने केस धरला.

मिन्का पडद्याकडे बघतच राहिली. सोमवारपासून ती हात पाहायची ते भिंगाखाली, पाय मोजताना, कशाचाही आधार न देता. घरी ओट्यापाशीही हवेतच. सोल्डर करताना तो कापतो का हे तिने बघितलंच नव्हतं, कारण तेव्हा ती सांध्याकडे बघायची. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या करंगळीवर चिमटा मारणारी बाई स्वतःच्याच बाबतीत ते विसरली. तिला हसू आलं आणि डोळ्यांतून पाणीही.

"मावशी, ही लोकर कुणाची?" लचेझारने मान वर केली. त्याचा चेहरा उतरला होता, कारण उत्तर त्याला माहीत होतं.

"माझी," मिन्का म्हणाली.

लाइन थांबवली. चौदा बायका गोल उभ्या राहिल्या. लचेझारने केस, काळा कण, बाहीवरची लव सगळं सांगितलं आणि म्हणाला, "दोरे कापावे लागतील."

सगळ्यांचे हात आपापल्या बाहीवर गेले. बाहेर मार्ताआजी रुसली होती, खिडकीवर बर्फाचे कण तडतडत होते. करकोचा अजून कुठे नाईलवरून निघाला असेल तर असेल, आणि अंगणातल्या आलुबुखाराच्या फांद्या काळ्याठिक्कर होत्या.

"कोपरापर्यंत वर घेते ना," स्वेतला म्हणाली. आज तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "वर टेप लावते. कापायचा नाही, साहेब. मी यावर जे मागितलंय ते दुसऱ्यांदा मागता येणार नाही."

"मीपण नाही," मागून कुणीतरी म्हणालं.

लचेझारकडे नियमाचा कागद होता, पण तो काढून दाखवायची त्याला हिंमत होईना. मग मिन्का मध्ये आली. तिने टेबलावरची छोटी पक्कड घेतली, चिपचे पाय कापायची, आणि बाही वर केली.

"मी हात मागितले होते," ती म्हणाली. "पेन्शनपर्यंत टिकू देत म्हणून."

मागितलेलं कुणी असं मोठ्याने सांगत नाही. स्वेतलाने तोंडावर हात घेतला. मिन्काने पक्कड लावली आणि दोरा कापला. तो इतका चिवट वळलेला होता की दोनदा दाबावं लागलं.

थोड्या वेळाने स्वेतला पुढे आली आणि हात पुढे करून तोंड फिरवून उभी राहिली. "काप. मी बघणार नाही." मग एकेक करून बाकीच्या आल्या. चौदा दोरे आणि तो गोंडा लचेझारने बोर्ड ठेवायच्या चंदेरी पिशवीत भरले. तो पिशवीचं तोंड बंद करायला लागला, तेवढ्यात स्वेतला म्हणाली, "पंधरावा कुठाय?"

लचेझार लाल झाला. मग त्याने डावी बाही मागे घेतली. दारातून आत यायच्या आधी काढणार होता तो दोरा तिथेच होता, सगळ्यांपेक्षा जास्त पिंजलेला. याच हाताने तो दर तासाला जाळी पुसत होता. त्याने पक्कड मिन्काकडे दिली आणि हात पुढे केला. त्याने काय मागितलं होतं ते कुणी विचारलं नाही.

पिशवी अंगणातल्या आलुबुखाराला टांगली. "येईल तेव्हा करकोच्यालाच बघू दे," स्वेतला म्हणाली, "आम्ही इथे कामात आहोत म्हणावं." जाळी धुतली, कोट बदलले, आणि जेवणानंतर लाइन सुरू झाली. पाच वाजेपर्यंत थडगी निघाली तीन.

लचेझारने उरलेल्या चाळीस बोर्डांचा ट्रे आणून मिन्कासमोर ठेवला.

"सोमवारपासून हे," तो म्हणाला.

"आणि पॅकिंग?"

"पॅकिंगला माणसं पुरेशी आहेत." तो जायला निघाला आणि परत वळला. "ग्राहकाला कारण लिहून द्यावं लागणार आहे. काय लिहू?"

"मेंढी लिही," मिन्का म्हणाली. "खोटं नाही ते."

तो गेल्यावर तिने घड्याळ बघितलं. दहा मिनिटं होती. सोमवारपर्यंत कशाला थांबायचं? तिने ट्रेमधला एक बोर्ड घेतला. आधी मुद्दाम हात भिंगाखाली हवेत धरला. तो कापत होता. मनगट उघडं होतं, दोऱ्याच्या जागी एक फिकट वळ होता. आता मागायला काही उरलं नव्हतं आणि कुणाकडे मागायचं हेही नव्हतं. तिने करंगळी बोर्डाच्या कडेला टेकवली. हात थांबला, आणि तिने पहिली फेरी सुरू केली.